तुसातील दाणा

अहिल्यानगर जिल्ह्याचे नाव निघाले की डोळ्यांसमोर उभे राहते ते उघडे माळरान, ज्वारी-बाजरीची शेते आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेली गावे. २०२४ सालापर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसला आहे. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावरच बरेचसे रिते होतात. पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांत पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही; वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी तेथील शेतकरी समाधान मानतो. साहजिकच येथले रोजचे अन्न भाकरी. घरात तांदूळ असतो, पण तो सणासाठी, पाहुण्यासाठी, आजाऱ्याच्या पेजेसाठी आणि लग्नाच्या अक्षतांसाठी.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे, आणि तेथील चित्र अगदी निराळे आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, येथेच आहे. रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे किल्लेही येथेच. रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते; तिचे पाणी अडवून भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. घाटघर, रतनवाडी या गावांना पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस तेथे कोसळतो. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांत दहापटीचे अंतर! या डोंगरउतारांवर महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाचरे तयार करीत आले आहेत आणि त्या खाचरांत भात पिकवीत आले आहेत. येथे ‘भात’ म्हणजे ताटात वाढलेला भात नव्हे. शेतात उभे असलेले पीकही भात आणि तुसासकट असलेला दाणाही भातच. तूस निघाले म्हणजे तो तांदूळ होतो.

ज्या भूमीवर एवढा पाऊस पडतो, तेथे भूक कशी असेल, असे कोणासही वाटेल. तरीही या डोंगरांत भुकेचे दिवस दरवर्षी येत असत, आणि ते भर पावसाळ्यात येत. आषाढ आणि श्रावण हे ते महिने. मार्गशीर्षात घरी आणलेले धान्य तोवर तळाला गेलेले असे. नवे पीक अद्याप गुडघ्याएवढे. ओढे-नाले दुथडी भरून वाहू लागले की एका वाडीचा दुसऱ्या वाडीशी संबंध तुटे. बाजाराचे गाव पाच कोसांवर असले तरी पलीकडच्या देशात असल्यासारखे होई. आणि नेमकी याच वेळी आवणी असे. राबात वाढविलेली रोपे उपटून, चिखलात कंबरेत वाकून, डोक्यावर इरले घेऊन ती एकेक करून खाचरात लावायची. वर्षातील सर्वांत कष्टाचे काम आणि वर्षातील सर्वांत रिकामी कणगी, या दोन्ही गोष्टी एकदम येत.

दुष्काळ दहा-वीस वर्षांनी येतो. ही लहानशी आपत्ती मात्र दिनदर्शिकेतच लिहिलेली होती. म्हणून तिच्याशी सामना करण्याची रीतही वर्षभराच्या कामांत मुरलेली होती. भाताचे सर्व वाण एकाच वेळी तयार होत नाहीत. लवकर येणाऱ्यास हळवे, मध्यम मुदतीच्यास निमगरवे आणि उशिरा येणाऱ्यास गरवे म्हणतात. गरव्या भाताचे उत्पन्न बहुधा अधिक. तरीही शहाणा शेतकरी एखाद्या खाचरात हळवे भात लावल्यावाचून राहत नसे. हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापणीस येते. उत्पन्न थोडे कमी, पण ते चूल थंडावण्याच्या वेळी घरात येते. चार पायल्या अधिक मिळाव्यात की पंधरा दिवस आधी मिळावे, हा हिशेब ज्याने भूक पाहिली आहे त्यालाच नीट करता येतो.

आता कणगीकडे वळू. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांनी विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, कधी पुरुषभर उंचीची अशी ही कणगी म्हणजे घराचे कोठार. तीत तांदूळ भरीत नाहीत; भात भरतात. यामागे मोठे शहाणपण आहे.

भाताच्या दाण्याभोवती जे खरखरीत कवच असते, त्यास तूस म्हणतात. दाण्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. वाळूत जो सिलिका नावाचा पदार्थ असतो, तोच तुसात भरपूर असतो; म्हणून तूस कडक असते, गुरेही ते आवडीने खात नाहीत, आणि सोंडकिड्यासारख्या किडींना त्यात तोंड खुपसणे कठीण जाते. तुसाच्या आत कोंड्याचा पातळ थर असतो. त्या थरात तेल असते. तूस शाबूत आहे तोवर ते तेल सुरक्षित राहते. तूस काढून दाणा उघडा पडला की हवेच्या संगतीने ते तेल खवट होऊ लागते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात कोंडाच उरत नाही, म्हणून तो खवट होत नाही. पण त्याचे कवचही गेलेले असल्यामुळे तो किडीला आयता सापडतो. तुसातला दाणा दोन्ही संकटांतून वाचतो. माणसाने बनविलेल्या कोणत्याही डब्याच्या आधी निसर्गाने प्रत्येक दाण्याला त्याचा स्वतंत्र डबा देऊन ठेवला आहे.

अर्थात या डब्यालाही एक शत्रू आहे, तो म्हणजे ओल. ताज्या कापलेल्या भातात शंभर भागांत वीस-पंचवीस भाग पाणी असते. ते चौदा भागांच्या खाली आल्यावाचून भात साठवू नये, असे आजचे शास्त्र सांगते. अकोल्याच्या बायकांजवळ मोजण्याचे यंत्र नव्हते. त्या दाणा दाताखाली धरीत. तो दबला तर पुन्हा उन्हात; कट्‌ असा आवाज होऊन तुटला तर कणगीत. भाताच्या थरांत कडुनिंबाचा पाला घालीत, वर राख पसरीत आणि कणगीचे तोंड शेणमातीने बंद करीत. मग लागेल तसे दोन-तीन दिवसांचे भात काढायचे आणि उखळात घालून मुसळाने कांडायचे. रोज पहाटे हे कष्ट कशासाठी, एकदमच सारे कांडून का ठेवू नये, असा प्रश्न एखाद्या नव्या सुनेला पडत असेल. त्याचे उत्तर त्या खवट होणाऱ्या तेलात आहे.

हिशेब असा. पाच माणसांचे घर आहे आणि दिवसाला दोन किलो तांदूळ लागतो असे धरू. आवणीपासून हळवे भात हाती येईपर्यंत शंभर दिवस गेले, तर दोनशे किलो तांदूळ पाहिजे. शंभर किलो भात कांडले तर पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ निघतो. म्हणजे कणगीत तीनशे किलो भात शिल्लक असले पाहिजे, आणि ते मार्गशीर्षातच बाजूला काढले पाहिजे. सणवार, सोयरीक, सावकाराचे देणे या सर्वांना तोंड देऊन हे तीनशे किलो राखणे हे काही सोपे काम नव्हे. बहुतेक घरांत ते साधत नसे, आणि मग नागलीची भाकरी, वरईचा भात, रानातल्या भाज्या आणि कंद यांवर दिवस काढावे लागत.

संकटकाळी तांदळाची सोय दुसऱ्याही अनेक अंगांनी आहे. ज्वारी-बाजरी दळावी लागते, भाकरी थापावी लागते. तांदळाला एक भांडे, पाणी आणि जाळ पुरे. घरात मूठभरच तांदूळ असला तर त्यात चौपट-पाचपट पाणी घालून पेज करता येते, आणि ती लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांच्या पोटाला झेपते. हगवणीच्या आजारात मिठाची पातळ पेज देण्याची घरोघरची रीत होती. शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे अशा आजारात माणूस दगावतो. पिठूळ पदार्थासह दिलेले मीठ-पाणी आतड्यांत शोषले जाते आणि जीव वाचतो. तांदळाच्या पिठापासून केलेले असे जीवनजल पुढे डॉक्टरांनीही वापरून पाहिले व ते पटकीच्या रुग्णांना गुणकारी ठरले. शिवाय भातापासून पोहे होतात, लाह्या होतात, कुरमुरे होतात. ते शिजवावेही लागत नाहीत. पूर आला, वाट चुकली, लाकडे भिजली, तर भिजवलेल्या पोह्यांवर दिवस निघतो.

मात्र तांदळाचे गुण गाताना त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पिकताना तो अतोनात पाणी पितो. एक किलो तांदळामागे हजारो लिटर पाणी खाचरात मुरते व उडून जाते. कर्जत-जामखेडच्या माळावर हे पीक घेऊ पाहणे म्हणजे संकटावर उपाय करण्याऐवजी नवे संकट ओढवून घेणे होय. तेथील लोकांनी ज्वारीवर आणि जमिनीत खणलेल्या पेवांवर भिस्त ठेवली, ती योग्यच होती. दुसरी उणीव अन्नातील. निव्वळ सडलेल्या पांढऱ्या तांदळावर माणूस फार दिवस निरोगी राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमान नावाच्या डच डॉक्टरास असे आढळले की, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि त्यांना कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे मूळ यातूनच उलगडले. कोंड्यातील ब-एक हे जीवनसत्त्व सडताना निघून जाते, हे त्याचे कारण. या शोधकार्याबद्दल आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हातसडीच्या तांदळात कोंड्याचा काही अंश राहतो, आणि अकोल्याच्या जेवणात भाताबरोबर हुलगे, वाल, नागली हेही असत. उखळाशी घाम गाळणाऱ्या त्या बायकांनी जीवनसत्त्वाचे नाव ऐकले नव्हते, इतकेच.

आता मोठ्या आपत्तींकडे पाहू. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नगर जिल्हा त्याच्या तडाख्यात सापडला. सरकारने दुष्काळी कामे काढली. त्या कामांवर खडी फोडणाऱ्या धडधाकट माणसाची मजुरी १८७७ च्या आरंभी घटविण्यात आली. दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढी किंमत आणि वर थोडेसे पैसे. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळात साडेतीनशेच्या आसपास उष्मांक असतात, इतर धान्यांतही जवळजवळ तेवढेच. म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे झाले सोळाशेच्या आतबाहेर. अंगमेहनतीच्या माणसाला त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. मजुरांनी ठिकठिकाणी काम सोडले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. एका माणसाला जगण्यासाठी किती दाणे लागतात, हा प्रश्न तेव्हा कागदावरील आकड्यांचा राहिला नव्हता.

दुसरी आपत्ती नगरपासून दूर घडली. परंतु तिचे एक टोक नगरच्या भुईकोट किल्ल्याशी जोडलेले आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पकडलेले राष्ट्रीय नेते या किल्ल्यात बंदिवान होते. पंडित जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल यांचा त्यांत समावेश होता. त्याच वर्षी जपान्यांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून भारतात येणारा तांदूळ बंद झाला. पुढल्या वर्षी बंगालमध्ये तांदळाचे भाव इतके चढले की गरिबाला तो घेणे अशक्य झाले. धान्य मुळीच नव्हते असे नाही. परंतु ज्याच्या घरची कणगी रिकामी आणि खिसाही रिकामा, त्याला बाजारात दाणा असून नसल्यासारखाच. युद्धाच्या नावाखाली सरकारने नावा आणि धान्य ताब्यात घेतले होते, त्यानेही भर पडली. त्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या काही अंदाजांप्रमाणे तीस लाखांवर जाते. नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभीच्या पानांतच या दुष्काळाचा विषय आला आहे. खुद्द मुंबई शहरात १९४३ साली धान्याचे रेशनिंग सुरू झाले.

तिसरा दुष्काळ १९७२ चा. महाराष्ट्रातील वयोवृद्ध माणसे आजही त्याची आठवण काढतात. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर मिळे. कामावर सुकडी वाटली जाई. लोक मिलोला नावे ठेवीत आणि खात. या वेळी पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत, याचे श्रेय त्या नावे ठेवलेल्या धान्यालाही दिले पाहिजे. आज २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. अकोल्याच्या वाड्यांतही त्यामुळे आषाढ पूर्वीसारखा भिववीत नाही. तरी पाच किलोला तीस दिवसांनी भागून पाहावे. दिवसाचे पाव किलोही भरत नाही. उरलेले घरच्या कणगीतूनच यावे लागते.

दुष्काळात पहिला घाव पोटावर बसतो, पण दुसरा घाव पाऊस परत आल्यावर बसतो. जमीन भिजते, वाफसा येतो आणि शेतकऱ्यापाशी पेरायला बी नसते. ते त्याने मागच्या हिवाळ्यात खाल्लेले असते. बी आणि बैल घेण्यासाठी तगाईचे कर्ज काढावे लागे ते यामुळेच. भाताच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच जीवघेणी आहे, कारण भातात अन्न आणि बी ही एकच वस्तू आहे. तुसातला दाणा कांडला तर तांदूळ, राबात टाकला तर रोप. कांडलेला तांदूळ मात्र कधी उगवत नाही. त्याचा अंकुर मुसळाखाली गेलेला असतो. म्हणून बियाण्याचे भात वेगळ्या गाडग्यात, राखेत घालून, तोंड लिंपून, माळ्यावर आढ्याजवळ ठेवीत. चुलीचा धूर तेथे पोहोचे आणि कीड लागत नसे. श्रावणात कणगीच्या तळाला हात लागला आणि लेकरे रडू लागली, तरी घरची म्हातारी त्या गाडग्याकडे कोणाला पाहू देत नसे. पुष्कळ घरांत ते फुटतही असेल. त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊ नये.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत हे गाडगे निराळ्याच कारणाने माळ्यावरून नाहीसे होऊ लागले. दुकानात सुधारित आणि संकरित बियाणे मिळू लागले. त्याने उत्पन्न वाढले, हे खरे आणि मोठे काम होते. परंतु संकरित वाणाचे बी पुढल्या वर्षी तसेच येत नाही, ते दरसाल विकत घ्यावे लागते, आणि त्याला खतही लागते. मुसळधार पावसात तग धरणारा काळभात, रायभोग, जीरवेल असे जुने वाण एकेक करून खाचरांतून हटू लागले. एक वाण गेला की त्याबरोबर एक विशिष्ट मुदत, एक विशिष्ट काटकपणाही जातो.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी राहीबाई सोमा पोपेरे या महादेव कोळी समाजातील शेतकरी बाई राहतात. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातील लहान मुले आजारी पडू लागली तेव्हा, औषधे फवारलेल्या धान्य-भाज्यांमुळे हे होत असावे, असे त्यांच्या मनाने घेतले; आणि त्या गावोगावची जुनी बियाणी मागून आणून घरी जपू लागल्या. प्रारंभी लोक हसले. पुढे बाएफ या संस्थेचे साहाय्य मिळाले, गावच्या बायकांचे बचत गट सोबतीला आले आणि त्यांच्या मातीच्या घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. भात, वाल, घेवडा, नागली, भाजीपाला अशा पिकांचे शंभरांहून अधिक वाण तेथे गाडग्या-मडक्यांत नांदत आहेत. २०२० साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर केली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात.

या बँकेत पैसे चालत नाहीत. ज्याला बी पाहिजे त्याने ते मागून न्यावे आणि पीक आले की नेले त्याच्या दुप्पट आणून द्यावे, एवढाच करार. मृगाच्या आधी एखादी बाई येते, पायलीभर काळभात पदरात बांधून डोंगर उतरते, राबाच्या भाजलेल्या मातीत ते विसकटते. आषाढात त्याची रोपे खाचरात जातात. मार्गशीर्षात उन्हात वाळलेला, दाताखाली कट्‌ वाजणारा दोन पायल्या काळभात कोंभाळण्याच्या त्या घरात परत येतो, आणि गाडग्याचे तोंड पुन्हा लिंपले जाते.